ह्यांची चाल

२९ सप्टेंबर
ताप गेला! प्लेटलेट एक लाख दहा हजार. आठ दिवसांनी नगरहून घरी. डेंगी संपला. ह्यांनी भाकरी मागितली. सासूबाई म्हणाल्या, "माळंनं तारलं." पाच वर्षं झाली ह्यांना तुळशीची माळ घालून – दारू सोडून. मी वाद घातला नाही.

३ ऑक्टोबर
चालताना भिंत धरतात. अशक्तपणा असेल.

५ ऑक्टोबर
कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा सांडला. बोलणं जड. तिसगावच्या बाजारात आज झोकांड्या खात चालले म्हणे. शेजारच्या भागूबाई दारात येऊन सांगून गेल्या – "म्याडम, सायबांचं विमान पुन्हा उडालं वाटतं!"
ही चाल मी ओळखते. लग्नानंतरची सहा वर्षं पाहिली आहे.

६ ऑक्टोबर
विचारलं. "न्हाई घेतली गं. पायच ऐकंना." तेव्हाही असंच म्हणायचे.
सासूबाई रडत होत्या – "पिऊन माळ बाटवू नको रं." मीच हात पुढे केला. ह्यांनी मान खाली केली. माळ मी काढली.

९ ऑक्टोबर
हे ओसरीवरून पडले. हनुवटीला तीन टाके. मग नगरला, मेंदूच्या डॉक्टरांकडे. त्यांनी बोट समोर धरलं. "आधी नाकाला लावा, मग माझ्या बोटाला." प्रत्येक वेळी हुकलं. डॉक्टर म्हणाले, डेंगीनंतर क्वचित होतं. लहान मेंदूला सूज. तोल जातो, जीभ जड होते. "प्यायलेत असं वाटतं. घरचे फसतात. बहुतेक लोक महिन्या-दोन महिन्यांत बरे होतात."
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

१० ऑक्टोबर
मी माळ घेऊन ह्यांच्याकडे गेले. "घाला ना."
"राहू दे."
चिडलेही नाहीत. चिडायला हवं होतं!

२ नोव्हेंबर
रोज अंगणात फरशीच्या रेघेवरून चालवते. टाचेला अंगठा लावत. आज नऊ पावलं! सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांदा चालाया शिकलं माझं लेकरू." हे हसले नाहीत.
नंतर मला म्हणाले, "कशाला एवढं करती?"
"चुकले म्हणून."
"चुकली न्हाई. पाच वर्षं तू ह्याचीच वाट बघत हुती."
खोटं नव्हतं.

१९ नोव्हेंबर
आज एकटे वेशीपर्यंत गेले. दारातून पाहिलं – एकही पाऊल वाकडं नाही.
संध्याकाळी भिंत धरत आले. मी विचारायच्या आत म्हणाले, "आज घेतली."