मामांच्या मापाच्या स्प्रिंगा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसून जितका साष्टांग घालता येतो तितका). डॉक्टरांच्या धाकाने तुम्ही चांगलेच उतरलात, जुन्या पँटा कमरेवर ठरत नाहीत, असं मामीकडून कळलं. ऐकून आनंद झाला आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. का ते सांगतो.

आमच्या कंपनीत मी बनवतोय त्या विजेवरच्या छोट्या गाडीचं दुखणं असं, की लांब जायचं तर बॅटरी मोठी हवी, मोठी बॅटरी जड, जड गाडीला ब्रेक आणि स्प्रिंगा दणकट हव्यात, आणि ते सगळं ओढायला पुन्हा आणखी मोठी बॅटरी. या फेऱ्यातून सुटायला मी स्टेपनी काढली, गाद्या पातळ केल्या (साहेब बसून बघायला आले, कंबर धरून उठले). स्प्रिंगांचं तर विचारूच नका. मऊ ठेवल्या तर भरलेली गाडी खड्ड्यात बूड आपटते, कडक केल्या तर रिकामी गाडी उडते. यातला मध्य काढायला मागे माणसांऐवजी वाळूची पोती ठेवतात. आमची पोती वळणावर घसरायची. तेव्हा तुम्ही आमच्याकडे मुक्कामाला होता, म्हणून तुम्हाला बसवलं. तुम्ही घसरला नाहीत, चक्क झोपलात. तुमच्या घोरण्यावर विसंबून मी स्प्रिंगा कायम केल्या.

काल मंजुरीची मंडळी आली. मागे हिशेबखात्याच्या बाई बसल्या, अंगाने अगदी काडी. पहिल्याच गतिरोधकाला त्यांचं डोकं छताला लागलं. साहेब म्हणाले, शुक्रवारी नीट चालवून दाखव, नाहीतर गाडी बंद आणि तूही घरी. तेव्हा मामा, शुक्रवारी मागे बसायला याच, आणि तोवर पथ्य जरा सैल सोडा. भाच्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

मामीला नमस्कार. पत्र मात्र तिला दाखवू नका.

तुमचा भाचा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच मामीचा फोन आला. काल तुम्ही मध्ये कुठेही न थांबता जिना चढलात म्हणे, आणि वर येऊन तिला हाक मारण्याइतका दम उरला होता. सांगताना ती रडली. पथ्याचं वाक्य मी लिहिलंच नाही असं समजा. खड्ड्यात गेली गाडी.

ता. क. २. (नवीन पत्र लिहायचा कंटाळा.) साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. ते बराच वेळ बोलले, मी ऐकलं. शेवटी स्प्रिंगा बदलायला होकार मिळाला. या वेळी पोती पट्ट्याने करकचून बांधली आहेत, आणि मामीला विचारून तुमच्या आजच्या वजनाइतकीच भरली आहेत. आज गाडी झकास चालली. तुम्ही यायची गरज नाही, फक्त एक करा. आम्ही गाडीची आठ वर्षांची हमी देतोय. तेवढी वर्षं आहात तसेच राहा.