चेनसॉची ताकद आणि रेखाच्या शेळ्या

पेडगाव. मंगळवार, दिवेलागण.

ताकद वाढली, हे खरं. चेनसॉच्या सायलेन्सरचं भोक मोठं केलं, स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं. बाभूळ लवकर पडली. पण इंजिन लय तापायलंय, आणि तो आवाज! एरवी मशीन सुरू झाली की पाल्यासाठी रेखाच्या शेळ्या धावत येतात, मागून रेखा. आज त्याच शेळ्या बिथरून शेजारच्या हरभऱ्यात घुसल्या.

शेळ्या वळवून रेखा आली ती भडकलेलीच. "काय केलास रे मशीनला?"

"ताकद वाढवली."

"कायला? बाभळी पळून जायल्यात का?"

माझंही डोकं फिरलं. "तुझ्या शेळ्या बांधून ठेव की!" म्हणालो. ती गेली. असं का बोललो? कॉलेजही असंच एका भांडणात सोडलं.

बाभळी पळून जायल्यात का... हसू येतंय, रागही येतोय. खरंच, घाई कशाची होती? झाड पडेपर्यंत तर ती बांधावर थांबायची. मग मी मिळवलं काय?

भोक आता बुजत नाही. घेतलेल्या कामातल्या दोन बाभळी उरल्यात. शेतमालकाला काय सांगावं कळत नाही, पण उद्या कुऱ्हाडच घेऊन जावं म्हणतो.