शेवंताबाईंचा जुना रिपोर्ट

गडचिरोली, मंगळवार, दिवेलागणीला

अंग मोडून आलंय, तरी हे लिहून टाकते. दुपारी धानोऱ्याकडच्या शेवंताबाई मानेच्या सोनोग्राफीला आल्या, दुसऱ्यांदा. उन्हाळ्यातला पहिला रिपोर्ट त्यांनी बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत जपून ठेवलेला. 'मानेची धमनी नॉर्मल', आणि खाली माझी सही.

आज नेमका दुखतं तिथेच प्रोब टेकवला. धमनीतून रक्त छान वाहत होतं, पण बाहेरून तिच्याभोवती करडी सूज, गळपट्टा गुंडाळल्यासारखी. उन्हाळ्यात मी नुसतं आतच पाहिलं होतं का? रांग मोठी होती, हे खरं. पण रांग आजही होतीच की.

सूज आहे, गोळ्यांनी उतरेल, असं त्यांना सांगितलं.

"म्हणजे मले खरंच दुखते नं, मॅडम? हा कागद पाहून नवरा म्हणते, नाटक करून राह्यली तू."

मग त्यांनी ती पिशवी पुढे केली. "तवा काऊन नाई दिसलं?"

"तेव्हा मशीन जुनी होती," मी म्हणाले.

त्यांना पटलं. पिशवी पुन्हा नीट घडी करून त्या गेल्या.

मशीन तीच आहे.