लावण्याच्या खोलीचा हिरवा

गंगा,

तू तिरुवैयारुहून येईपर्यंत थांबलो असतो, पण त्रिचीची बस गाठायची आहे. सकाळी शेजारच्यांकडे जावयांचा फोन आला. आपल्या लावण्याला आठव्यातच कळा सुटल्या. ती बरी आहे, हे आधी वाच. बाळ राहिलं नाही. मुलगी होती.

फोन ठेवून घरी आलो तेव्हा सेल्वम पेंटर तिच्या खोलीत हिरव्याचा पहिला हात संपवत होता. शेड कार्डावरचे किती हिरवे तिने नाकारले होते! "पोपटी नको आप्पा, शेवाळी नको. लावणीनंतर महिन्याने भात दिसतं ना, तसा मधला द्या." सेल्वमने तीनदा पांढरा मिसळून तो जमवला होता. बातमी ऐकून त्याने ब्रश खाली ठेवला. म्हणाला, "सार, परत पांढरा देऊ का?" मी हो म्हणालो. मग चपला घालता घालता मागे फिरलो आणि म्हणालो, "नको. याच रंगाचा दुसरा हात दे." बाळंतपणाला नाही, तरी ती आपल्याकडेच येणार आहे. तिने मागितलेलं एवढं तरी तिला मिळू दे.

पाळणा मी माळ्यावर ठेवला आहे. छताच्या कड्या सेल्वमकडून काढून घे, माझ्याने झालं नाही. त्याला जेवायला वाढ, तूही दोन घास खा.

रडायचं ते आजच रड, गंगा. फक्त त्या खोलीत भिंतीला टेकू नकोस, रंग ओला आहे.