फरशीची फिल्म पुसू नका

बाबा,

गाढ झोपला होतात, म्हणून न उठवता कामावर निघाले. कॉम्प्युटरवरच्या आपल्या घरच्या फिल्म्सच्या यादीतले तुमचे घोळ निस्तरलेत. आत्याचं लग्न तुम्ही 'प्राणी' या रकान्यात टाकलं होतं! तिच्या कानावर जाऊ देऊ नका.

आणि 'नुसती फरशी, पुसून टाकणे' असं लिहिलंत, ती फिल्म मुळीच पुसू नका. आवाज वाढवा, डोळे मिटा. आई मला थोपटत गुणगुणतेय. मध्येच थांबून म्हणते, "अहो, कॅमेरा चालूच राहिलाय! किती वेंधळे हो तुम्ही!" मग दोघं हसत सुटता.

आईचा आवाज आपल्याकडे दुसरा कुठेच नाही. तेवढा राहिला, तोही तुमच्या वेंधळेपणाच्या कृपेने.

तुमची,
ठमी