पिच्चरमधली बहीण

इंद्रजितदादा,

तू लिहिलेला हिंदी पिच्चर काल आईसोबत मोबाईलवर बघितला. त्यात नवऱ्याच्या माराला कंटाळून बहीण जीव देती, आन भाऊ तिच्या सासरच्यांवर सूड घेतो. आई लई रडली.

माझा नवरा मारायचा म्हणून मी कामथडीला माहेरी आले, तवा तूच मला परत एसटीत बसवलंस. "गपगुमान नांद. मला गावात तोंड दाखवायचंय," म्हणालास. मी सासरी गेलेच न्हाई, मधीच सारोळ्याला उतरले. तितं हायवेवर भाजी विकून म्या पोरगी शिकवली.

ते तू दाखवलं न्हाईस. बहीण जगली की भावाला हिरो होता येत न्हाई.

हे पत्र धाडणार न्हाई. धाडलं तर तू ह्याचाबी पिच्चर करशील, आन मला परत मरायला लावशील.

तुझी जिती बहीण,
रत्ना