बाथरूममधला गणपती

बुधवार संध्याकाळ, पनवेल

अजून डोकं शांत होत नाहीये. गोव्याहून आल्यावर नितीनने, माझ्या धाकट्या दिराने, फिरायला नेलेल्या आमच्या कॅरॅव्हॅनची, त्या चाकांवरच्या घराची, किल्ली हातात ठेवली होती. "वहिनी, ओरखडासुद्धा नाही हं!" ओरखडा नव्हताच. आतल्या शॉवरच्या भिंतीला सरळ तडा होता आणि त्यावर याने गणपतीचं स्टिकर चिकटवलं होतं. देवाला कोण हात लावणार, असा हिशोब. मीही नाही लावला. लावला सासूबाईंनी. "अगं, बाथरूममध्ये देव कोणी लावला?" म्हणत त्यांनी नमस्कार करून तो अलगद सोडवला, आणि लाडक्या लेकाचे प्रताप बाहेर आले.

तोवर पाणी मुरून मागचं प्लाय फुगलं होतं. आज त्या भिंतीची अख्खी शीट बदलून घेतली. नितीनला फोन केला तर म्हणतो, "आधीपासूनच असेल." आधीपासून! मग स्टिकर काय गणपतीने स्वतः येऊन लावलं?

भांडायचं नाही, ठरवलंय. जुन्या शीटमधला तड्याचा तुकडा कापून घेतला, त्याला छान चौकट करून घेतली. रविवारी खारघरला त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे. सगळ्या पाहुण्यांसमोर देणार. जास्त करतेय का मी? ओरखडासुद्धा नाही म्हणे! मुळीच जास्त नाही.

सासूबाईंना दाखवलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी जपून ठेवलेला गणपती आणला आणि तड्यावर परत चिकटवला. म्हणाल्या, "हॉलमध्येच लावायला सांगते त्याला. चारचौघांत देवाला नको म्हणतो का, बघू."